खोट्या लादीचं क्षमापत्र



दशलक्षण पर्व संपत आलं की आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर कागद, शिक्के आणि शाईचे पॅड पसरतात. क्षमावाणीची कार्डं मी हातानेच करते. यंदा त्यांवर लादीचा भास आणला होता. मंदिरात एका आजींना दाखवलं, तर त्यांनी कार्डावरून बोट फिरवून विचारलं, "अगं, ही फरशी खोटीच ना? परवाच उत्तम आर्जव झालं. क्षमा मागायची आणि कागदाला लादीचं सोंग द्यायचं?" आजी थट्टा करत नव्हत्या. आर्जव म्हणजे सरळपणा, मनात एक आणि बाहेर एक नसणं. प्रश्न रास्त होता, म्हणून लादीचा इतिहास जरा उकरून बघितला.

आधी ही लादी होते कशी ते सांगते. जाड कार्डपेपरवर अर्ध्या-अर्ध्या इंचावर पट्टी धरून आडव्या-उभ्या रेघा दाबायच्या, कागद कापू द्यायचा नाही. मग सगळ्या चौकटींवरून एकच मोठा शिक्का उमटवायचा. दबलेल्या रेघेपर्यंत शाई नीट पोचत नाही, ती पांढरी राहते आणि दोन लाद्यांमधल्या सांध्यासारखी दिसते. शेवटी पारदर्शक एम्बॉसिंग पावडर टाकून गरम हवेने वितळवली की वर चकाकी येते. रेघा दाबायला पुस्तक बांधणारे जे हत्यार वापरतात, ते मूळचं जनावराच्या हाडाचं. मी स्वेटर विणायची सुई वापरते, काम तेवढंच छान होतं.

आता लादीकडे वळू. सतराव्या शतकात चीनची निळी-पांढरी चिनी माती जहाजांतून हॉलंडला पोचली आणि तिथल्या श्रीमंतांना तिचं वेड लागलं. ती माती भाजायची विद्या युरोपात कोणालाच नव्हती. डेल्फ्ट आणि आसपासच्या कुंभारांनी साध्या मातीवर कथिलाची पांढरी झिलई चढवली आणि वर निळ्या रंगात चित्रं काढली. साधारण तेरा सेंटिमीटरच्या चौकोनी लाद्या, प्रत्येकीच्या कोपऱ्यात छोटी नक्षी. चार लाद्या जवळ आल्या की कोपऱ्यांचं मिळून एक फूल व्हायचं. म्हणजे ज्या लादीची मी नक्कल करते, ती स्वतःच चिनी मातीची नक्कल!

पुढची गोष्ट लिव्हरपूलची, आणि आपल्या शिक्केवालींना ती ठाऊक असायलाच हवी. जॉन सॅडलर छपाईच्या धंद्यातला माणूस. त्याने गाय ग्रीनबरोबर असा उपाय काढला की लादीवरची चित्रं रंगवायला चित्रकारच लागू नये. कोरलेल्या ठशावर भट्टीत टिकणारा रंग लावायचा, तो पातळ कागदावर उतरवायचा, ओला कागद लादीवर दाबायचा आणि लादी भाजायची. कागद जातो, चित्र राहतं. सुरुवातीचे ठसे लाकडाचे होते, पुढे तांब्याचे आले. 27 जुलै 1756 रोजी दोघांनी कोणाची मदत न घेता सहा तासांत बाराशेहून जास्त लाद्या छापल्या आणि तसं शपथपत्रच करून ठेवलं. शंभर कुशल चित्रकारांनाही तेवढ्या वेळात एवढं काम जमलं नसतं, असा त्यांचा दावा होता. तो आकडा वाचताना मला त्या शंभर जणांचीच आठवण येत राहिली. पुढे वेजवुडसारखा नामांकित कारखानदारही आपली भांडी छापायला लिव्हरपूलला पाठवू लागला.

म्हणजे लादीवरचं चित्र आलं कागदावरून. आज आपण तेच चित्र लादीवरून कागदावर परत आणतो, एवढंच.

आपल्याकडेही असंच घडलं. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाची जमीन बघा, तिथल्या लाद्या इंग्लंडच्या मिंटन कारखान्याच्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जपानहून चकचकीत उठावदार लाद्या येऊ लागल्या. हिंदुस्थानच्या गिऱ्हाइकांसाठी जपानी कारखान्यांनी त्यांवर देवीदेवता काढल्या, त्याही राजा रविवर्म्याच्या छापील चित्रांवरून. पुन्हा कागद आधी आणि लादी नंतर. या भिंतीत बसवायच्या, त्यामुळे देवावर पाय पडायचा प्रश्न नव्हता. मग 1922 साली सिधवा कुटुंबाने स्वदेशीच्या ओढीने भारत टाइल्स सुरू केली. ही सिमेंटची लादी भट्टीत जातच नाही. साच्यात रंग भरून ती यंत्राने दाबतात आणि पाण्यात मुरवतात. अग्नीचा आरंभ तेवढा कमी, म्हणून मला ती जास्त आवडते.

या सगळ्यांत खोटं कोण? डेल्फ्टच्या मालाला त्या काळी हॉलंडचं पोर्सेलीन म्हणत. मागे "हॉलंडचं" आहे तोवर माझी काही तक्रार नाही. तो शब्द गाळून चिनीच्या भावाने विकलं, तर ती माया, आणि मायेला आपल्याकडे कषायांत मोजलं आहे. दिसण्यातलं साम्य ही माया नव्हे. समोरच्याला फसवायचा हेतू असला तर माया. माझं कार्ड हातात घेणाऱ्या कोणीही त्यावर चहाचा कप ठेवत नाही!

आजींना हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं, वर लादी असू दे. आत काय छापलंयस?" खरी परीक्षा मला तिथेच वाटते. क्षमेचं पत्र सजवायची चाल आपल्याकडे जुनी आहे. आम्ही दिगंबर, पण श्वेतांबर संघांची विज्ञप्तिपत्रं बघण्यासारखी असतात. कापडाच्या किंवा कागदाच्या लांबच लांब चित्रमय गुंडाळ्या, त्यात आचार्यांना चातुर्मासाची विनंती आणि क्षमायाचना. 1610 साली आग्र्याच्या संघाने विजयसेन सूरींना पाठवलेल्या पत्रात उस्ताद शालिवाहनाने जहांगीरचा दरबार रंगवला आहे. चित्रं कितीही असली तरी खाली मजकूर हाताने लिहिलेला आणि नाव घेऊन लिहिलेला.

"उत्तम क्षमा"चा तयार शिक्का माझ्याकडे आहे. तो आजींना दाखवला नाही. यंदा तो डब्यातच आहे, आणि एकतीस कार्डांच्या आतली पानं अजून कोरी आहेत. पहिलं जाऊबाईंचं आहे. लादी वाळली, पेन घेऊन बसले आहे.