केक आणि भांडं यांच्यामधला थर

केक भांड्याला चिकटू नये म्हणून माणसानं काय काय केलं, हा आजचा विषय. याला कसला आलाय इतिहास, असं काहींना वाटेल. पण हा इतिहास डब्याच्या तळाशी सुरू होतो आणि अमेरिकेतल्या ओहायो नदीपर्यंत जातो.

आधी केक चिकटतो का, ते बघू. तापलेल्या धातूला अंड्यातली आणि मैद्यातली प्रथिनं धरून बसतात. साखर वितळते आणि गार होताना कडक होते. म्हणजे उपाय एकच, दोघांच्या मध्ये तिसरं काहीतरी घालायचं. म्हणून आपण डब्याला तूप लावतो, वर मैदा भुरभुरवतो आणि जास्तीचा झटकून टाकतो. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्येही हेच चालायचं. हॅना ग्लास यांचं १७४७ सालचं पाकपुस्तक केकच्या भांड्याला लोणी लावायला सांगतं. मोठ्या केकसाठी लोणी माखलेला कागद वापरत. आणि आपल्याकडे? कोकणात तवशाचं धोंडस करताना पातेल्यात केळीचं पान अंथरायचं, झाकणावर निखारे ठेवायचे. कागद काय, पान काय, युक्ती तीच.

या सगळ्या युक्त्यांत एक गोष्ट समान होती. मधला थर खाण्याजोगा होता, किंवा सोलून टाकता येत होता. त्याची किंमतही जो केक करतो तोच मोजत होता.

आता ६ एप्रिल १९३८ या दिवसाकडे येऊ. न्यू जर्सीत ड्यूपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट हे रसायनशास्त्रज्ञ फ्रिजसाठी नवा वायू शोधत होते. एका नळकांड्यातून वायू येईना, पण वजन तर भरल्याइतकंच! नळकांडं कापलं, तर आत पांढरी, मेणचट भुकटी. तेच पुढे टेफ्लॉन झालं. त्याला काहीच चिकटत नाही. मग ते भांड्याला तरी चिकटवायचं कसं? ही अडचण फ्रान्सच्या मार्क ग्रेगॉर यांनी सोडवली. मासेमारीच्या सामानासाठी त्यांची खटपट चालली होती. हे माझ्या तव्याला लावा, असं त्यांच्या पत्नीनं सुचवलं, असं सांगतात. १९५६ साली टेफाल कंपनी निघाली, आणि तव्यांपाठोपाठ केकचे साचेही नॉनस्टिक झाले.

पण टेफ्लॉन बनवताना सी-८ नावाचं एक सहायक रसायन लागत असे. वेस्ट व्हर्जिनियातल्या पार्कर्सबर्गजवळच्या ड्यूपाँटच्या कारखान्यात ते १९५१पासून वापरात होतं. तिथून ते ओहायो नदीत आणि आसपासच्या पिण्याच्या पाण्यात उतरलं. विल्बर टेनंट या शेतकऱ्याच्या गाई एकामागून एक मेल्या, तेव्हा रॉबर्ट बिलट या वकिलांनी १९९९ साली दावा लावला. पुढे सुमारे ६९,००० लोकांच्या रक्ताची तपासणी झाली. शास्त्रज्ञांच्या समितीनं २०१२पर्यंत सहा आजारांशी सी-८चा संबंध संभवतो असा निष्कर्ष काढला. मूत्रपिंडाचा आणि वृषणाचा कर्करोग त्यांपैकी दोन.

इथे घाईनं निष्कर्ष काढू नका. तयार साच्यात सी-८ जवळजवळ उरत नसे. केक खाणाऱ्याला तो त्रास नव्हता. त्रास होता कारखान्यातल्या कामगाराला आणि नदीकाठच्या गावाला. कशालाही न चिकटणाऱ्या वस्तूसाठी वापरलेलं हे रसायन माणसाच्या रक्तात मात्र वर्षानुवर्षं टिकून राहतं. अमेरिकेतल्या मोठ्या उत्पादकांनी २०१५पर्यंत सी-८ थांबवलं. २०१९ साली स्टॉकहोम करारानंही ते बंदीच्या यादीत घातलं. बदली म्हणून आलेल्या रसायनांवर आता तेच प्रश्न विचारले जात आहेत.

म्हणून आपल्याला यातून एवढंच घ्यायचं आहे. स्वयंपाकघरातली एक कटकट संपली असं आपल्याला वाटलं. खरं तर ती उचलून दुसऱ्याच्या दारात ठेवली होती. कुठलीही सोय घरात आणताना तिचा भार कोण वाहतं, हे विचारायला हवं.

तूप आणि मैद्याची युक्ती आजही चालते. भट्टीतून काढल्यावर केक दहाएक मिनिटं तसाच ठेवा. तो आकसून कडा सोडतो, मग उपडा करा. त्यासाठी थोडा धीर लागतो, एवढंच.