पहिल्या रात्रीचे औषध : बंगळुरूतील स्टॅफिलोकोकसची वंशावळ

रुग्णाच्या मांडीच्या खोल स्नायूत पू झाला आहे, ताप चढतो आहे आणि संशय आहे तो स्टॅफिलोकोकस ऑरियस या जीवाणूचा. पुवाचा नमुना प्रयोगशाळेत जातो. ग्रॅम रंजनानंतर द्राक्षांच्या घोसासारखे जांभळे गोल सूक्ष्मदर्शकाखाली लवकरच दिसू लागतात. परंतु हा जीवाणू कोणत्या औषधाला दाद देईल, हे कळण्यास प्रचलित पद्धतीने सुमारे दोन दिवस लागतात. एक दिवस त्याला वाढविण्यात जातो, दुसरा औषधाच्या चकत्यांभोवती तो कोठवर वाढतो हे पाहण्यात. गंभीर आजारी रुग्णाला तेवढी सवड नसते. पहिली मात्रा अंदाजानेच द्यावी लागते. या अंदाजाला आधार देणाऱ्या संशोधनाचे एक महत्त्वाचे पान बंगळुरूत लिहिले गेले.

प्रारंभी अंदाजाचा प्रश्नच नव्हता, कारण निवडीला पर्याय नव्हता. १९४१ मध्ये ऑक्सफर्ड येथे अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला स्टॅफिलोकोकस आणि स्ट्रेप्टोकोकस यांच्या संसर्गासाठी पेनिसिलिन देण्यात आले. त्याची प्रकृती सुधारू लागली. पण साठा संपला. लघवीतून बाहेर पडलेले पेनिसिलिन गाळून पुन्हा देऊनही तो वाचला नाही. त्या वेळी औषध अपुरे पडले होते. काही वर्षांतच औषध मुबलक झाले, पण ते निष्प्रभ ठरू लागले. १९४८ पर्यंत लंडनच्या एका रुग्णालयातील निम्म्याहून अधिक स्टॅफिलोकोकस पेनिसिलिनला दाद देत नसल्याचे मेरी बार्बर यांनी दाखविले. हे जीवाणू पेनिसिलिनचे रेणू तोडणारे विकर तयार करीत होते. भारत सरकारचा पिंपरी येथील पेनिसिलिनचा कारखाना १९५४ मध्ये स्थापन झाला, तेव्हा जगातील अनेक रुग्णालयांत या औषधाची स्टॅफिलोकोकसवरील सत्ता ओसरू लागली होती.

या विकराला न जुमानणारे मेथिसिलिन १९५९ मध्ये आले आणि १९६१ मध्ये पॅट्रिशिया जेव्हन्स यांनी त्यालाही दाद न देणाऱ्या जीवाणूंची नोंद केली. हेच पुढे एमआरएसए या नावाने ओळखले गेले. त्यांची युक्ती निराळी होती. पेनिसिलिन आणि त्याच्या कुळातील औषधे जीवाणूची भिंत बांधणाऱ्या गवंड्याचे हात धरून ठेवतात. एमआरएसएने नवा गवंडीच कामाला लावला, ज्याचे हात या औषधांच्या सहजी हाती लागत नाहीत. व्हँकोमायसिन गवंड्याला सोडून विटेलाच पकडते. म्हणून ते एमआरएसएवर चालते.

मग प्रत्येकाला पहिल्याच रात्री व्हँकोमायसिन का देऊ नये? येथेच खरी अडचण आहे. जीवाणू मेथिसिलिनला दाद देणारा असेल, तर क्लॉक्सासिलिन किंवा सेफाझोलिन त्याला व्हँकोमायसिनपेक्षा अधिक चांगल्या रीतीने मारतात. व्हँकोमायसिन तुलनेने सावकाश मारते, त्याचा अवजड रेणू अनेक ऊतींत कमी उतरतो आणि त्याची मात्रा मूत्रपिंडावर नजर ठेवून ठरवावी लागते. क्लॉक्सासिलिन देऊन एमआरएसए निघाला तर रुग्ण उपचाराविना राहतो. व्हँकोमायसिन देऊन साधा स्टॅफिलोकोकस निघाला तर रुग्णाला दुय्यम औषध मिळते. चूक दोन्ही बाजूंना आहे. कोणती चूक अधिक संभवते, हे त्या शहरात कोणते जीवाणू फिरत आहेत यावर ठरते.

पाठ्यपुस्तकांनी यासाठी एक सोपा नियम दिला होता : एमआरएसए रुग्णालयात भेटतो, घरून आलेल्या रुग्णात क्वचितच. भारतात हा नियम कितपत लागू आहे, याचा शोध बंगळुरूत गायत्री अराकेरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. २००५ मध्ये त्यांनी शहरातील दोन रुग्णालयांतील एमआरएसएची जनुकीय तुलना प्रसिद्ध केली. यात वापरलेले तंत्र पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यालाही आवडेल असे आहे. डीएनएचे मोठे तुकडे जेलमधून एकाच दिशेच्या विद्युतक्षेत्रात ओढले, तर ते सारे जवळजवळ सारख्याच वेगाने सरकतात आणि वेगळे होत नाहीत. क्षेत्राची दिशा पुनःपुन्हा बदलली, की प्रत्येक वळणावर लांब रेणूला वळण्यास अधिक वेळ लागतो. तो मागे पडतो. त्यातून उमटणारे पट्टे म्हणजे जीवाणूच्या वंशाची ओळख. त्या वेळी ठळकपणे दिसला तो एसटी२३९, जगभरच्या रुग्णालयांत मुरलेला वंश.

चित्र लवकरच पालटले. २०१० मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील संशोधकांनी एसटी२२ आणि एसटी७७२ या वंशांचा उदय नोंदविला. २०१२ मध्ये बंगळुरूच्या चमूने एसटी७७२ च्या एका जीवाणूचा जनुकीय आराखडा प्रसिद्ध केला. सुमारे २८ लाख अक्षरांचा हा मजकूर स्नायूत पू झालेल्या एका रुग्णाकडून मिळालेल्या जीवाणूचा होता. त्यात मेथिसिलिनला रोखणारा जनुकखंड होता आणि पांढऱ्या पेशींना भोके पाडणाऱ्या पीव्हीएल या विषाची जनुकेही होती.

२०१९ मध्ये १४ देशांतील ३४० जीवाणूंचे जनुकसंच तपासून एका आंतरराष्ट्रीय गटाने या वंशाचे मूळ शोधले. ‘बंगाल बे क्लोन’ म्हणून ओळखला जाणारा एसटी७७२ १९६० च्या दशकाच्या आरंभी भारतीय उपखंडात उगम पावला आणि १९९० च्या दशकात वेगाने पसरला. अनेक औषधांना रोखणारी जनुके एका प्लाझ्मिडमधून त्याच्यात सामावली, हे त्या प्रसाराचे मोठे कारण होते. रुग्णालयाबाहेर फिरणारा हा वंश एरिथ्रोमायसिन आणि जेंटामायसिन यांना रोखतो, आणि बहुतेकदा सिप्रोफ्लॉक्सासिनलाही. म्हणजे ‘समाजातला’ जीवाणू तो निरुपद्रवी, ही समजूत येथे दुहेरी फसते.

भारतातील १५ रुग्णालयांनी २००८ आणि २००९ मध्ये तपासलेल्या २६,३१० स्टॅफिलोकोकस जीवाणूंपैकी सुमारे ४१ टक्के एमआरएसए होते. हा आकडा मोठ्या रुग्णालयांचा आहे. गल्लीतल्या दवाखान्यात येणाऱ्या साध्या गळवाला तो जसाच्या तसा लावता येत नाही. तेथे पुष्कळदा पू काढणे हाच मुख्य उपचार असतो. पण रक्तात संसर्ग पोचलेल्या रुग्णासमोर उभ्या डॉक्टरांना अशाच नोंदींवर विसंबून निर्णय घ्यावा लागतो.

म्हणूनच दोन गोष्टी निर्णायक ठरतात. पहिली मात्रा देण्यापूर्वी रक्ताचा व पुवाचा नमुना घेणे आणि अहवाल हाती येताच औषध बदलण्याची तयारी ठेवणे. नमुना न घेता दिलेले औषध रुग्णाला कदाचित बरे करील, पण शहराला काहीच शिकविणार नाही. आजच्या रुग्णाचा अहवाल हाच उद्याच्या रुग्णासाठी केलेल्या अंदाजाचा आधार असतो.