परिचालन प्रणालीचा गाभा : आद्य रचना व इतिहास

परिचालन प्रणालीचा गाभा (कर्नेल) म्हणजे प्रोसेसर, स्मृती, कळफलक, पडदा इ. घटकांवर नियंत्रण ठेवून त्यांचा वापर इतर आज्ञावल्यांना वाटून देणारा प्रणालीचा अंतर्भाग होय. संगणक सुरू करताच आपोआप कार्यान्वित होणारा लहानसा गाभा रचणे, हा संगणकशास्त्राच्या नवशिक्या विद्यार्थ्यांचा एक महत्त्वाचा अभ्यास मानला जातो. मूळ आज्ञावली वाचण्याची मोकळीक कोणास व केव्हा मिळाली, यावर या अभ्यासाचा प्रसार अवलंबून राहिला आहे.

आरंभीच्या संगणकांना असा गाभा नव्हता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर्. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखालील गटाने १९५६ मध्ये एक प्रायोगिक यंत्र व १९६० मध्ये पूर्ण संगणक उभारला. १९६२ मध्ये त्यास ‘टिफ्रॅक’ हे नाव देण्यात आले. गटातील बहुतेकांना संगणकाचा पूर्वानुभव नव्हता. या यंत्रात सु. २,७०० निर्वात नलिका होत्या व त्याच्या स्मृतीत प्रत्येकी ४० द्विमान अंकांचे २,०४८ शब्द मावत. आज्ञावली छिद्रित फितीवरून आत घेतली जाई. पुढे गाभ्याकडे आलेली बरीचशी कामे त्या काळी माणसांनाच करावी लागत.

आयबीएमच्या वैयक्तिक संगणकात (१९८१) वीज सुरू होताच ‘बायॉस’ ही कायम स्मृतीतील आज्ञावली चकतीवरील पहिले ५१२ बाइट स्मृतीत आणते व नियंत्रण त्यांच्याकडे सोपविते. एवढ्या अल्प जागेतील आदेशांनी उरलेला गाभा चकतीवरून आणावयाचा असतो. त्यानंतर गाभा पडद्यावर अक्षरे उमटवितो, घड्याळ व कळफलक यांच्याकडून येणारे व्यत्यय हाताळतो आणि स्मृतीची वाटणी करतो. अलीकडील संगणकांत बायॉसची जागा ‘यूईएफआय’ने घेतली आहे.

केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनी १९६९ पासून बेल प्रयोगशाळेत विकसित केलेली ‘युनिक्स’ ही प्रणाली १९७३ मध्ये मुख्यतः ‘सी’ भाषेत पुन्हा लिहिली गेली. ऑस्ट्रेलियातील जॉन लायन्स यांनी तिच्या सहाव्या आवृत्तीवर विद्यार्थ्यांसाठी भाष्य लिहिले. परंतु सातव्या आवृत्तीच्या (१९७९) परवान्याने वर्गात मूळ आज्ञावली शिकविण्यास मनाई केली. ही उणीव भरून काढण्यासाठी अँड्रू टॅनेनबाउम यांनी ॲम्स्टरडॅम येथे ‘मिनिक्स’ (१९८७) रचली. तिचा अभ्यास केलेल्या लायनस टॉरव्हॉल्ड्स या हेल्सिंकीतील विद्यार्थ्याने १९९१ मध्ये ‘लिनक्स’चा गाभा प्रसिद्ध केला. सहाव्या आवृत्तीच्या धर्तीवर मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेत २००६ मध्ये तयार झालेली ‘एक्सव्ही६’ ही अध्यापन-प्रणाली मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेतही वापरली जाते.

मराठी विद्यार्थ्यापुढे आणखी एक अडचण असते. वैयक्तिक संगणकाच्या मूळ २५६ चिन्हांच्या संचात देवनागरी नव्हती. पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने (स्थापना १९८८) ‘जिस्ट’ कार्डाद्वारे ही उणीव भरून काढली. स्वतःच्या गाभ्यातून मराठी ओळ दाखवू इच्छिणाऱ्यास मात्र मात्रा व जोडाक्षरांसह प्रत्येक आकृती स्वतः रेखाटण्याची सोय करावी लागते.

या अभ्यासास आता स्वतंत्र यंत्र लागत नाही. एका संगणकातच दुसऱ्या संगणकाचे अनुकरण करणाऱ्या ‘क्यूईएमयू’सारख्या आज्ञावलीत गाभा तपासता येतो व चूक झाल्यास मूळ यंत्रास धोका पोहोचत नाही. आवश्यक साधने व मूळ आज्ञावली एकदा मिळविल्यास जव्हार-मोखाड्यासारख्या दूरच्या तालुक्यातही महाजालाच्या अखंड जोडणीवाचून हा अभ्यास करता येतो.