मेद, रक्त आणि वजनाचा काटा

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ मध्यंतरी आमच्याकडे आले, ते रक्ततपासणीचा कागद हातात धरूनच. चार महिन्यांत त्यांनी १४ किलो वजन उतरविले होते. भात सोडला, साखर सोडली, पहाटे उठून टेकडी चढू लागले. वडील ५२ व्या वर्षी हृदयविकाराने गेले, आणि चिरंजीवांनी नुकतीच ५१ वर्षे पुरी केलेली. तेव्हा ही धडपड काही हौसेची नव्हती. आणि कागद काय सांगत होता? कोलेस्टेरॉल पूर्वीपेक्षा वाढले! "मग एवढी उपासमार करून आम्ही मिळविले काय?" हा त्यांचा प्रश्न. त्याचे उत्तर देण्यासाठी आम्हांला दोनशे वर्षे मागे जावे लागले. श्रोत्यांनाही आज आम्ही तिकडेच नेणार आहोत.

स्थूलपणा हे व्याधीचे घर आहे, हे आपल्याकडे जुनेच ज्ञान. चरकसंहितेतील अष्टौनिंदितीय अध्यायात अतिस्थूल आणि अतिकृश असे दोघेही निंद्य मानले आहेत; पण त्यांतल्या त्यात कृश बरा, असा तेथील निवाडा आहे. मात्र शरीरावरच्या मेदाचा आणि रक्तातल्या स्निग्धतेचा हिशेब मांडायला रसायनशास्त्रच यावे लागले.

त्याचा आरंभ झाला पित्ताच्या खड्यांपासून. फ्रान्समधील शेव्रल या रसायनज्ञाने १८१५ च्या सुमारास त्या खड्यांत सापडणाऱ्या मेणचट पदार्थाला 'कोलेस्टेरिन' असे नाव दिले. ग्रीक भाषेत 'कोले' म्हणजे पित्त व 'स्टेरेऑस' म्हणजे घन. हा शेव्रल स्वतः १०२ वर्षे जगला. पुढे १९१० साली जर्मनीच्या विंडाउसने रोगट धमन्यांच्या भिंतींत हाच पदार्थ निरोगी धमन्यांहून कितीतरी पट अधिक असल्याचे दाखविले, आणि १९१३ साली सेंट पीटर्सबर्ग येथे अनिचकोव्हने सूर्यफुलाच्या तेलात कोलेस्टेरॉल विरघळवून ते सशांना चारले. सशांच्या धमन्या माणसाच्या धमन्यांसारख्याच बिघडल्या. उंदीर व कुत्रे यांच्यावर हा प्रयोग इतरांना साधेना, म्हणून पुष्कळांनी तो सशापुरताच मानून बाजूला ठेवला.

वजन उतरविण्याची कथा या सगळ्यापासून दूर, लंडनमध्ये चालली होती. विल्यम बॅंटिंग हा तेथला अंत्यविधीची व्यवस्था पाहणारा प्रतिष्ठित व्यावसायिक. उंची बेताची आणि वजन २०२ पौंड. जिना उतरायचा तर पाठमोरे उतरावे लागे! ऐकू कमी येते म्हणून तो हार्वे नावाच्या कानाच्या शल्यवैद्याकडे गेला. हार्वेने कान पाहिले, मग देह पाहिला, आणि पाव, साखर, बटाटे बंद केले. वर्षभरात ४६ पौंड उतरले. १८६३ साली बॅंटिंगने हा अनुभव स्वतःच्या खर्चाने छापला, आणि इंग्रजीत त्याच्या नावाचे क्रियापदच होऊन बसले. पण ध्यानात घ्या, बॅंटिंगपाशी मोजायला होता तो फक्त तराजू. रक्तात काय घडले, हे त्याला कळण्याचा मार्गच नव्हता.

तो मार्ग उघडला दुसऱ्या महायुद्धानंतर. कॅलिफोर्नियातील बर्कले येथे गॉफमन हा शास्त्रज्ञ होता. युद्धकाळात त्याने अणुबॉम्बच्या कामात प्लुटोनियम वेगळे काढले होते. आता त्याने रक्तरस अतिवेगाने फिरणाऱ्या यंत्रात घातला. ताक घुसळताना लोणी वर येते, तसाच काहीसा हा प्रकार. तेल पाण्यात मिसळत नाही. म्हणून रक्तातला मेद प्रथिनांच्या वेष्टनात गुंडाळून हिंडतो. ही गाठोडी घनतेप्रमाणे निरनिराळ्या थरांत वेगळी होतात, हे त्याने १९५० साली दाखविले. आज आपल्या कागदावर एलडीएल, एचडीएल म्हणून जे आकडे येतात ते याच गाठोड्यांचे. पहिले कोलेस्टेरॉल धमन्यांकडे नेते, दुसरे परत यकृताकडे आणते, असे ढोबळपणे समजावे. ट्रायग्लिसराइड, म्हणजे आपल्या पोटावरची साधी चरबी, ती मुख्यतः यकृताने पाठविलेल्या मोठ्या, हलक्या गाठोड्यांतून प्रवास करते.

येथे पुष्कळांचा समज चुकतो. लठ्ठ माणसाचे कोलेस्टेरॉल भरमसाट असलेच पाहिजे, असे नाही. त्याच्या रक्ताची खूण वेगळी. मेदाच्या पेशी तुडुंब भरल्या आणि इन्सुलिनचे ऐकेनाशा झाल्या, म्हणजे त्यांच्यातली मेदाम्ले रक्तात पाझरत राहतात. यकृत ती उचलते, त्यांचे ट्रायग्लिसराइड करते आणि पुन्हा रक्तात पाठविते. ही मेदभरली गाठोडी वाढली की त्यांच्यात व एचडीएलमध्ये मालाची अदलाबदल होते, आणि त्या व्यवहारात एचडीएल घटते. एलडीएलचा एकूण आकडा फारसा वाढत नाही, पण त्याचे कण लहान व दाट होतात. म्हणजे वरवर ठीक दिसणाऱ्या आकड्याखालीही खोट असू शकते.

आता वजन उतरू लागल्यावर काय होते? यकृतातला मेद लवकर झडतो, म्हणून ट्रायग्लिसराइड काही आठवड्यांतच खाली येते. बाकीचे मात्र सरळ रेषेत जात नाही. १९९२ साली अमेरिकेत ७० अभ्यासांचा एकत्रित हिशेब मांडला गेला. दर किलोमागे एकूण कोलेस्टेरॉल सुमारे २ मिलिग्रॅम उतरते, असे त्यात निघाले. पण एचडीएलची गंमत अशी, की वजन उतरत असताना ते किंचित घटते, आणि वजन स्थिरावले म्हणजे पूर्वीहून किंचित वर चढते. एकच माणूस, एकच पथ्य. रक्त कोणत्या महिन्यात काढले त्यावर निकाल फिरतो.

याहून आश्चर्याची गोष्ट १९९१ साली प्रसिद्ध झाली. सहा अतिस्थूल स्त्रियांनी अत्यल्प आहारावर राहून सरासरी ३० किलो वजन उतरविले. त्यांचे कोलेस्टेरॉल सुमारे २१२ होते, ते पहिल्या एकदोन महिन्यांत १४० वर आले. सर्वांना आनंद झाला असेल! पण वजन उतरत असतानाच ते पुन्हा चढून २३० वर गेले. वजन स्थिर ठेवल्यावर १९० वर टेकले. संशोधकांनी दिलेले कारण असे, की चरबीच्या पेशी कोलेस्टेरॉलचेही कोठार असतात. कोठार मोडले की माल रस्त्यावर येणारच. तो पित्तात जाऊन साचला तर खडे धरतात, म्हणून झपाट्याने वजन उतरविणाऱ्यांना पित्तखड्यांची भीती असते. शेव्रलचा खडा तो हाच.

आमच्या स्नेह्यांना आम्ही हे सारे सांगितले, आणि पथ्य मोडू नका, वजन दोन-तीन महिने एका जागी ठेवून मग रक्त तपासा, तोवर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतीही गोळी बंद करू नका, असे बजावले. त्यांचे धाकटे बंधू शेजारी बसून हसत होते. अंगाने किडकिडीत, पोट तेवढे थोडे पुढे. "मला हा व्याप नाही," असे ते म्हणाले.

त्यांना आम्ही पुण्याची हकीकत ऐकविली. केईएम रुग्णालयातील डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात आले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, म्हणजे तराजूच्या दृष्टीने दोघेही सारखेच सडपातळ. शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिनांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. पुणे परिसरातील नवजात बालके वजनाने हलकी, पण त्या मानाने चरबीने संपन्न, असेही याज्ञिकांच्या अभ्यासात आढळले आहे.

धाकट्या बंधूंनी यावर काही उत्तर दिले नाही. पुढच्या सोमवारी उपाशीपोटी रक्त द्यायला दोघे भाऊ बरोबरच गेले, असे वहिनींकडून कळले.