बाष्पीभवन म्हणजे धुणं वाळणं!

माझं गाव जळकोट. लातूर जिल्ह्यात, नांदेडच्या हद्दीला लागून. लातूरचा म्हटलं की ऑफिसातली मंडळी लगेच 'लातूर पॅटर्न का?' असं विचारतात. त्यांना काय सांगणार, की सातवीत मला विज्ञानाच्या तासाला चक्क घाम फुटायचा! बाष्पीभवनाची व्याख्या मी घडाघडा म्हणायचो. पण आई दोरीवर टाकते ते धुणं वाळतं म्हणजे हेच, हे डोक्यात शिरलं अकरावीत. तोवर 'आपलंच डोकं कच्चं' अशी पक्की समजूत झाली होती.

आमच्याकडे हे भाषेचं त्रांगडं तसं जुनंच. १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं. तिथे शास्त्राचे विषयसुद्धा उर्दूतून शिकवत, त्यासाठी पुस्तकांची भाषांतरं करायला वेगळं खातं होतं. देशी भाषेत वरचं शिक्षण देता येतं हे तिथे दिसलं, हे मान्यच करायला हवं. पण घरी मराठी बोलणाऱ्या पोराला पुढे शिकायचं तर उर्दूच. आमच्या आजोबांची शाळा तिथेच सुटली. दिडकी-अडीचकी शेवटपर्यंत तोंडपाठ, पण स्वतःला कायम 'अडाणी' म्हणायचे.

पुढे शाळा मराठी झाल्या. मग प्रश्न मिटला असेल ना? नाही!

१९७४ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र काढलं. प्रा. वि. गो. कुलकर्णी हे भौतिकशास्त्रज्ञ त्याचे प्रमुख. या लोकांनी त्या दशकात जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याला तिथल्या शिक्षणसंस्थेबरोबर काम सुरू केलं. खिरोदा म्हणजे १९३६ च्या फैजपूर काँग्रेससाठी राबलेल्या धनाजी नाना चौधरींचं गाव. खेड्यातल्या शाळा, तिथलेच शिक्षक, हाताशी मिळेल ते साहित्य.

तिथे एक गोष्ट लक्षात आली. पोरांचं अडत होतं ते पुस्तकाच्या भाषेपाशी. लांबलचक वाक्यं, संस्कृत वळणाचे शब्द. पुस्तक मराठी, पण पोराच्या घरची मराठी ती नव्हे. मग त्यांनी तोच मजकूर सोप्या मराठीत लिहून पाहिला. विषय तोच, शिक्षक तेच, पण मुलांना जास्त कळू लागलं आणि वर्गात ती बोलूही लागली. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर बग होता डॉक्युमेंटेशनमध्ये आणि शिव्या खात होता युजर!

साधारण याच सुमाराला, १९७२ मध्ये, मध्य प्रदेशात तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ माध्यमिक शाळांत (म्हणजे सहावी ते आठवी) असाच प्रयोग सुरू झाला होता. 'किशोर भारती' आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी तो सुरू केला. दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक खेड्यातल्या गुरुजींबरोबर बसून प्रयोग ठरवायचे. १९७८ मध्ये तो जिल्हाभर पसरला. त्याच वर्षी पुण्याच्या टेल्कोतला एक तरुण इंजिनियर रजा काढून तिथे गेला. काड्यापेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांपासून त्याने भूमितीचे आकार केले. त्याचं नाव अरविंद गुप्ता. पुढे पुण्याच्या आयुकात त्यांनी बरीच वर्षं मुलांसाठी खेळणी केली. आपल्यापैकी कितीतरी जणांनी ती पाहिली असतील.

होशंगाबादचा कार्यक्रम २००२ मध्ये सरकारने बंद केला. तीस वर्षं चाललेलं काम एका आदेशात थांबलं. मला यातून दिसतं ते असं की विद्यापीठं येऊन चांगलं काही उभं करू शकतात, पण ते टिकायचं तर शाळेला आणि गावालाही ते आपलं वाटायला हवं.

आता नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, १९९४ पासून. जळकोटहून मुंबई-दिल्लीपेक्षा कितीतरी जवळ. तिथल्या एमएस्सीच्या पोरांनी महिन्यातून एक शनिवार आसपासच्या सातवीच्या वर्गात घालवला तर? फार काही नको. धुण्यापासून सुरुवात करा, व्याख्या नंतर.

असो. दिवाळीत गावी जाईन तेव्हा पुतण्याला विचारणार आहे, बाष्पीभवन म्हणजे काय रे? त्याने घडाघडा व्याख्या म्हटली, तर त्याला दोरीपाशी घेऊन जाईन.