झुआरीनगर, वेर्णा आणि २.५४ मिलिमीटर

वास्कोहून वेर्ण्याला निघाले की वाटेत झुआरीनगर लागते. २००४ पासून इथे बिट्स पिलानीचा गोवा कॅम्पस आहे. पुढे वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत १९९३ साली स्थापन झालेल्या स्मार्टलिंक कंपनीचा कारखाना. तिथे नेटवर्किंगची उपकरणे बनत आली. कारखान्याला हजारो एकसारखे सर्किट बोर्ड हवेत. विद्यार्थ्याला एकच हवा असतो, आणि तोही पहिल्या खेपेला चुकण्याची शक्यता जास्त. पार्ट थ्रू-होल (पाय बोर्डाच्या भोकांतून जाणारे) घ्यावेत की एसएमडी (थेट बोर्डाच्या पृष्ठभागावर झाळले जाणारे), याचे उत्तर या दोन ठिकाणी वेगळे येते.

आधी भोकेच होती. पॉल आयस्लर याने १९३६ च्या सुमारास लंडनमध्ये छापील सर्किटचा रेडिओ बनवला. १९६४ मध्ये फेअरचाइल्ड कंपनीच्या ब्रायंट रॉजर्स आणि सहकाऱ्यांनी दोन ओळींत पाय असलेली डिप चिप आणली. दोन पायांतले अंतर २.५४ मिलिमीटर. झाळकामाशिवाय सर्किट जोडण्याचा आजचा ब्रेडबोर्ड त्याच मापावर चालतो, म्हणून चिप खोचावी, चुकली तर उपटावी, पुन्हा खोचावी.

त्याच दशकात आयबीएमने सॅटर्न रॉकेटच्या संगणकात छोटे भाग थेट पृष्ठभागावर झाळले. वजन आणि जागा वाचवणे तिथे भागच होते. १९८० च्या दशकात ही पद्धत कारखान्यांत रुजली, कारण भोके पाडण्याचा खर्च घटला आणि पार्ट बसवण्याचे काम यंत्राकडे गेले.

मग प्रयोगशाळेची अडचण सुरू झाली. ०६०३ मापाचा एसएमडी रेझिस्टर जेमतेम १.६ मिलिमीटर लांब. चिमटा, भिंग आणि स्थिर हात नसेल तर तो हरवलाच. क्यूएफएन या बिनपायांच्या चिपचे जोड तर तिच्या पोटाखाली लपतात, तिथे सोल्डरिंग गन पोचत नाही, गरम हवा लागते. तरीही रेडिओ लहरींच्या सर्किटमध्ये लांब पाय स्वतःच इंडक्टरसारखे वागतात, त्यामुळे तिथे नमुन्यालाही एसएमडीच घ्यावे लागते. शिवाय अनेक नव्या चिप डिपमध्ये मिळतच नाहीत. अ‍ॅडॉप्टर बोर्डावर बसवूनच त्या ब्रेडबोर्डवर येतात. ज्यावर वरचेवर ताण येतो ते कनेक्टर मात्र आजही भोकांत घट्ट रोवले जातात.

२०१० च्या अर्डुइनो उनो या बोर्डावर हे दोन्ही काळ शेजारी दिसतात. यूएसबी सांभाळणारी चिप पृष्ठभागावर झाळलेली. मुख्य एटीमेगा ३२८ चिप मात्र सॉकेटमध्ये, जळाली तर विद्यार्थ्याला बोटांनी काढून बदलता येईल अशी.