उत्तरं छापली, प्रश्न गायब

३ जानेवारी १८८० ला लंडनच्या रिलिजस ट्रॅक्ट सोसायटीने ‘गर्ल्स ओन पेपर’ हे एक पेनीचं साप्ताहिक काढलं. ख्रिस्ती मुलींनी पुढे चांगली पत्नी, चांगली आई व्हावं हा हेतू उघडच होता. स्वयंपाक, शिवण, आजाऱ्याची सेवा, बोधकथा असं सगळं त्यात असे. तेवढं वाचून तुम्ही प्रबंधात ‘तेव्हाच्या मुली संसाराची तयारी करत होत्या’ असं लिहून मोकळे व्हाल. जरा थांबा. हे झालं संपादकाचं म्हणणं, मुलींचं कुठंय?

त्यासाठी पत्रोत्तरांचं सदर बघा. तिथे बहुतेक नुसती उत्तरंच आहेत, प्रश्न आपण ओळखायचे. एखादीला अक्षर सुधारायला सांगितलंय, दुसरीला नोकरीची नाहीतर परीक्षेची माहिती दिलीय. म्हणजे कुणीतरी ती विचारली होतीच की!

आणखी एक. एडवर्ड सॅमन यांच्या १८८८ च्या पुस्तकात शाळकरी मुलामुलींच्या वाचनाची पाहणी आहे. मुलींच्या आवडत्या नियतकालिकांत हे साप्ताहिक पहिलं. दुसरं? त्याच संस्थेचं, पण मुलग्यांसाठीचं, साहसकथांनी भरलेलं ‘बॉइज ओन पेपर’! तेव्हा बोधपर लेखांच्या नोंदी तूर्त बाजूला ठेवा, आधी ती उत्तरं उतरवून काढा.